धक्क्यावरून दिसलेलं गाव

सकाळचे सात वाजून बारा मिनिटं झाली होती. सिंगापूरच्या बुकित पंजांग भागातल्या एका सरकारी एचडीबी इमारतीच्या तळमजल्यावर, चाइल्डकेअर सेंटरच्या दारात, अनघा टिपणीस उकिडवी बसून एका तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडात टॉर्च मारून पाहत होती. आधी कपाळाला थर्मामीटर, मग दोन्ही तळवे उलटसुलट, मग जीभ. तळव्यावर किंवा तोंडात साथीचं पुरळ दिसलं की मूल आल्या पावली परत, मग आईला ऑफिसला कितीही उशीर होवो. या बाबतीत अनघाशी कोणी हुज्जत घालत नसे. बावन्न वर्षांची, केस मागे घट्ट बांधलेली, मोजकं बोलणारी ही बाई गेली कित्येक वर्षं हेच दार सांभाळत होती.

आत तिची सहकारी रोझनानी मुलांचे बूट फळीवर लावत होती. तिचे रोजे सुरू होते, तिने पहाटे खाल्लं होतं ते खाल्लं, तरी सकाळी बोलायचा उत्साह तिच्यातच जास्त.

"सो? आयर्लंड? नाइस ऑर नॉट?"

"थंड होतं," अनघा म्हणाली.

"दहा दिवस लीव्ह घेतलीस, आणि नुसतं थंड?"

"वाराही होता."

"आयो. तुझ्यापेक्षा माझ्या फोनवरचं वेदर जास्त बोलतं, लाह."

अनघा हसली आणि पुढच्या मुलाचे तळवे उलटे केले.

ती जून २०१७मधली पहिल्या सोमवारची सकाळ होती. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत तिच्या नवऱ्याला, निशिकांतला, एका शिपिंग कंपनीला हो किंवा नाही कळवायचं होतं. सुटा माल नेणाऱ्या बल्क कॅरिअरवर चीफ इंजिनिअर, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. नोकरीच्या सगळ्या वर्षांत जहाज मिळालं की तो घरी सांगत असे. या वेळी त्याने विचारलं होतं, जाऊ का म्हणून. ती आठवडाभर उत्तर टाळत आली होती.

निशिकांत मूळचा पेणचा, अनघा साताऱ्याची. त्र्याण्णव साली लग्न झालं. जेमतेम तीन आठवडे झाले असतील, तो ब्राझीलमधल्या सँटोसला जहाज पकडायला गेला, तो परतला तेव्हा साताऱ्यात दुसरी दिवाळी जवळ आली होती. पुढे कंपनीचं काम सिंगापूरहून चालायला लागलं, म्हणून ही दोघं इथे आली. पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, अकराव्या मजल्यावर फ्लॅट झाला, मुलगी तन्वी इथल्याच शाळेत वाढली. जहाजी माणसाच्या घरात वर्षाचा हिशेब वेगळा असतो: आठ महिने तो नाही, तीन महिने तो आहे, आणि उरलेला महिना तो येणार किंवा जाणार आहे. गॅसवाला, डॉक्टर, शाळेच्या मीटिंगा, छतातून गळणाऱ्या पाण्यावरून वरच्या मजल्यावरच्या अंकलशी भांडण, सगळं अनघाने केलं. इंग्रजी सुधारली, कोर्स केला, सेंटरमध्ये लागली. करायला कोणी दुसरं नव्हतं, म्हणून तिला ते जमलं.

जहाज बंदराला लागलं की फोन यायचा. ती विचारायची, आज कुठे? काय पाहिलं? तो सांगायचा. बऱ्याच बंदरांबद्दल तो दोन वाक्यांत आटपायचा, पण आयर्लंडमधल्या कॉर्कचं मात्र रंगवून सांगायचा. मधली काही वर्षं त्याचं जहाज अर्जेंटिनाहून गुरांच्या खाद्याचा माल घेऊन तिथे जात असे. पाण्याच्या काठावरून चढत गेलेलं गाव. खाली रंगीत घरांची रांग, एक निळं, त्याला लागून पिवळं, मग एक वांग्याच्या रंगाचं. त्या सगळ्यांच्या डोक्यावर उंच मनोऱ्याचं दगडी चर्च. घंटा वाजायला लागल्या की पाण्यावरून ऐकू येतात.

दोन हजार पाच साली सिंगापुरात डेंगीची मोठी साथ आली. तन्वी आठ वर्षांची होती, तिच्या प्लेटलेट्स उतरत होत्या. अनघा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभी होती तेव्हा त्याचा फोन आला, कॉर्कहून. आणि त्या फोनवर तो तिला घरांचे रंग सांगत राहिला. निळं, पिवळं, वांगी.

तन्वी बरी झाली. अनघाच्या मनातून तो फोन मात्र गेला नाही. पुढे घरात कशावरूनही वाजलं, वॉशिंग मशीन बिघडलं असो की तन्वीचे मार्क कमी आले असोत, तिचं एकच वाक्य ठरलेलं होतं.

"तुम्हाला काय माहीत असणार? तुम्ही कॉर्कला होतात."

"तेव्हा मी ब्राझीलला होतो."

"तेच ते."

पुढेपुढे तन्वीसुद्धा बापाला चिडवायची. "बाबा इज इन कॉर्क" म्हणजे बाबाचं लक्ष नाही.

पंधरा साली निशिकांत जमिनीवर आला. ऑफिसात बसून जहाजांच्या दुरुस्त्या बघायची नोकरी. दीड वर्षात धंदा मंदावला, ऑफिसातली माणसं कमी झाली, त्यात तोही कमी झाला. तन्वी तोवर युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर राहायला गेली होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच फ्लॅटमध्ये ही दोघंच उरली.

तो पहाटे उठून राउंड घ्यायचा. म्हणजे फ्रिजच्या मागे हात घालून कॉम्प्रेसर किती तापलाय ते पाहायचा, एसीजवळ कान नेऊन उभा राहायचा, बाथरूममधल्या हीटरचा पाइप उलट्या हाताने चाचपायचा. बारा वाजता जेवण आणि सहाला रात्रीचं जेवण, घड्याळ लावून. अनघा साडेचारला घरी यायची, तिला सहाला भूक नसे. मग तो एकटाच जेवायचा आणि ती आठला एकटीच. एकदा तिने पाहिलं, त्याने तिच्या मसाल्याच्या बरण्या आकाराप्रमाणे लावून टाकल्या होत्या.

"हळद कुठाय?"

"मागच्या ओळीत. कमी लागते ना."

"हळद कमी लागते? कुणाच्या घरात?"

त्याने बरण्या परत पहिल्यासारख्या लावल्या. त्यानंतर त्याने स्वयंपाकघरात कशाला हात लावला नाही. दुपारी तो बाहेरच्या कॉमन कॉरिडॉरमध्ये कठड्याला धरून उभा राहायचा आणि खालून जाणारी एलआरटीची छोटी ट्रेन बघायचा. सेंटरवरून येताना अनघाला तो खालूनच दिसे. वर जायच्या आधी ती कधीकधी कोपऱ्यावरच्या दुकानात उगाच एक फेरी मारायची.

कंपनीचा फोन एप्रिलमध्ये आला. उत्तर द्यायला जूनपर्यंत वेळ होता. निशिकांत काहीच बोलेना, तेव्हा अनघाच म्हणाली, "जायचं तर जा. पण त्याआधी तुमचं ते कॉर्क मला दाखवा. चोवीस वर्षं ऐकतेय."

त्यात प्रेमापेक्षा वसुली जास्त होती, हे दोघांनाही कळलं होतं.

पहिली अडचण त्यानेच उभी केली. आयर्लंडला जायला व्हिसा लागतो, हे त्याला पटेचना.

"अगं, सहा वेळा गेलोय. कधी कुणी विचारला नाही."

"तुम्ही जहाजाने गेलात. तो इमिग्रेशनवाला जहाजावर येऊन शिक्के मारून जायचा."

"मग?"

"मग आता विमानाने चाललोय. माझ्यासारखे."

हॉटेल मात्र त्याने स्वतः शोधलं. "ते माझ्यावर सोड, मला कॉर्क माहीत आहे," म्हणाला. जमिनीवरचं एखादं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं, याचं अनघाला बरं वाटलं. तिने पत्तासुद्धा पाहिला नाही.

डब्लिनहून ट्रेनने कॉर्क, स्टेशनवरून टॅक्सी. नदी आली, पूल आले, दगडी इमारती, दुकानं, फुटपाथवर कॉफी पीत बसलेली माणसं. अनघा काचेला नाक लावून बघत होती. मग दुकानं विरळ झाली. मग मोठा रस्ता, गोल चौक, कारखान्यांची कुंपणं.

"अहो, शहर मागे गेलं."

"नाही गं. पोर्ट पुढेच आहे."

टॅक्सीवाल्याने मागे वळून विचारलं, फ्रान्सची फेरी पकडायची का? त्या भागात लोक राहतात ते फेरीसाठीच. निशिकांत म्हणाला, नाही, आम्ही कॉर्क बघायला आलोय. टॅक्सीवाल्याने आरशातून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

निशिकांतच्या लेखी कॉर्क म्हणजे रिंगास्किडी. जहाजाच्या कागदांवर कॉर्क लिहिलेलं असायचं आणि जहाज लागायचं ते इथे, शहर सोडून खाली समुद्राकडे, मोठ्या जहाजांना पुरेल एवढ्या खोल पाण्यात. जहाजावरचा माणूस धक्क्याला शहराच्या नावाने ओळखतो. त्याने हॉटेलही त्याच हिशेबाने घेतलं होतं. खोलीच्या खिडकीतून बंदराचं फाटक दिसत होतं, त्यामागे गोदामं, क्रेन, आणि धक्क्याला लागलेलं एक बल्क कॅरिअर. क्रेनचा जबडा जहाजाच्या पोटात जात होता आणि खाद्याची भुकटी उडवत वर येत होता.

"बघ," तो म्हणाला, "हाच बर्थ. इथेच लागायचं जहाज."

जमिनीवर आल्यापासून त्याचा चेहरा असा तिने पाहिला नव्हता. तो कोट न काढता खिडकीशी उभा राहिला. ती पलंगावर बसून राहिली.

"आणि ती घरं?" शेवटी तिने विचारलं.

"ती काय."

तिने उठून पाहिलं. पाण्यापलीकडे, एका बेटाच्या आडून, चढावर वसलेलं गाव होतं. खाली रंगांची बारीक रेघ, वर करड्या दगडाचा मनोरा. त्याने सांगितलं होतं तसं, अगदी तसंच. खोटं त्यात काहीच नव्हतं.

त्या गावाचं नाव कोव्ह. रिंगास्किडीहून ते हाताच्या अंतरावर दिसतं, पण गाडी नसलेल्याला बसने मागे शहरात जावं लागतं, मग स्टेशनवरून ट्रेन धरून खाडीच्या दुसऱ्या कडेने खाली यावं लागतं. सगळा मिळून अर्धा दिवस. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो वळसा घेतला.

शहरात बसमधून उतरल्यावर अनघा थांबली, त्याने पुढे व्हावं म्हणून. तो दोन पावलं गेला, थांबला आणि फोनवर नकाशा उघडला. तिला जुना मंडईचा बाजार पाहायचा होता, तिने त्याच्याबद्दल वाचलं होतं. तो एकदा नदीकडे वळला, एकदा परत.

"बदललंय सगळं," तो म्हणाला.

तिने विश्वास ठेवला. बाजार तिनेच शोधला, एका मासेवालीला विचारून. त्याने तिथे मासे बघितले, वजनकाटे बघितले, छताच्या लोखंडी कमानी बराच वेळ बघितल्या. टूरिस्ट म्हणून कसं चालायचं ते त्याला माहीत नव्हतं. तो सरळ चालायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि टोक आलं की मागे वळायचा.

कोव्हला ट्रेनमधून उतरलं की समोर पाणीच. तिथून टायटॅनिकवर शेवटची माणसं चढली, त्यामुळे गावात त्याच जहाजाच्या पाट्या. निशिकांत एका पाटीसमोर उभा राहिला.

"त्यातला इंजिनिअर एकही वाचला नाही," तो म्हणाला. "शेवटपर्यंत खाली होते. दिवे चालू ठेवायला."

"कुणाला दिसलं असेल मग ते?"

"दिवे दिसले असतील."

ती दोघं रंगीत घरांच्या रांगेपाशी आली. टूरिस्ट फोटो काढत होते. निशिकांत घरांकडे पाठ करून पाण्याकडे बघत होता, पलीकडे रिंगास्किडीच्या क्रेन शोधत. मग वळला, मान वर केली, डावीकडे गेला, उजवीकडे गेला.

"इथून दिसतच नाही," तो म्हणाला.

"काय?"

"चर्च वर आणि घरं खाली, तसं. इथून नुसत्या भिंती दिसतात."

अनघाने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी तिच्या लक्षात येत होतं. दोघं काठावरच्या बाकावर बसली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन बसली होती. कुत्र्याने निशिकांतचे बूट हुंगले. बाई हसून म्हणाली, छान दिवस आणलात तुम्ही. पहिल्यांदाच येताय का कोव्हला?

"येस," निशिकांत म्हणाला.

अगदी सहज म्हणाला. बाईने कोणती पेस्ट्री कुठे चांगली मिळते ते सांगितलं, कुत्र्याला उठवलं आणि निघून गेली. चर्चच्या घंटा वाजायला लागल्या. इतक्या जवळून त्या फार मोठ्या होत्या. त्या थांबेपर्यंत बोलणं शक्यच नव्हतं.

"सहा वेळा," अनघा म्हणाली.

"जहाज आलं सहा वेळा."

"आणि तुम्ही?"

"मी होतोच ना जहाजावर." त्याने हात कोटाच्या खिशात घातले. "पोर्टमध्ये इंजिन थंड असतं. तेव्हाच तर काम करता येतं. डेकवाले जायचे बाहेर. कुक जायचा. एकदा ते खलाशांचं बघणारे मिशनवाले व्हॅन घेऊन आले होते, त्यांच्याबरोबर फाटकाबाहेरच्या क्लबात गेलो. पूल टेबल होतं. आमच्यात कुणाला येत नव्हतं."

"मग मला का सांगत होतात? निळं, पिवळं..."

"तू विचारायचीस, काय पाहिलं. संध्याकाळी वर हवा खायला यायचो तेव्हा हे समोर असायचं. तेच सांगायचो. बॉयलर सांगत बसणार होतो का?"

ती म्हणाली, "तन्वीला डेंगी झाला तेव्हा?"

"तेव्हा इंजिनच्या सिलिंडरचा एक लायनर बदलत होतो. चिरलेला होता. आदल्या दिवसापासून खालीच. मिशनवाल्याने सिम विकायला आणलं होतं, ते घातलं, वर आलो, तुला फोन लावला." त्याने जरा विचार केला. "तू म्हणालीस, काहीतरी बोला."

"मी म्हणाले?"

"हो. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. तू म्हणालीस, ते नको, दुसरं काहीतरी बोला. मला काय सुचणार? समोर होतं ते बोललो."

अनघाला ते आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला तर कॉरिडॉरमधला पिवळा उजेड आठवत होता, नर्सच्या चपलांचा आवाज आठवत होता, त्याचे रंग आठवत होते. स्वतःचं वाक्य नव्हतं. पण ती तसं म्हणाली असेल. तशी ती म्हणते.

इतकी वर्षं तिने एक हिशेब धरून ठेवला होता: त्याने जग पाहिलं आणि मी चार भिंती. त्या हिशेबाच्या आधारावर तिने पुष्कळ रात्री काढल्या होत्या. रागावायला कोणीतरी होतं, दूर कुठेतरी, रंगीत घरांच्या गावात मजेत फिरणारं. आता तो माणूस कधी नव्हताच असं निघालं. होता तो एक लोखंडाच्या पोटात बसलेला गडी, जो पंधरा मिनिटं वर येऊन पलीकडचा काठ बघायचा. त्याच्यावर रागावणं कठीण होतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. घरातलं एखादं जड कपाट हलवलं की मागची भिंत उघडी पडते, तसं काहीसं झालं.

"अनघा," तो पाण्याकडे बघतच म्हणाला, "जाऊ का मी? त्या जहाजावर?"

तिने घड्याळ पाहिलं. "ट्रेन चुकेल," ती म्हणाली.

उरलेले दिवस त्यांनी सगळ्या टूरिस्टांसारखे घालवले. वाट ती काढायची, तो मागून यायचा. सकाळी तो हॉटेलच्या किटलीत अंडी उकडायचा, त्याला ते छान जमत असे, आणि ती तयार होईपर्यंत बंदराच्या कुंपणापाशी जाऊन यायचा. ती त्याला जाऊ द्यायची. एका सकाळी खिडकीतून तिने पाहिलं, तो जाळीला धरून उभा होता आणि आतला कोणी कामगार त्याच्याशी बोलत होता. निशिकांत हातांनी काहीतरी समजावत होता, फिरवून, दाबून, उचलून दाखवत होता. त्याला इतकं बोलताना तिने घरात पाहिलं नव्हतं.

परतल्यानंतरच्या त्या सोमवारी दुपारी, सेंटरमधली मुलं झोपल्यावर, तन्वीचा फोन आला.

"आई, बाबा म्हणतोय तू अजून काही सांगितलंच नाहीस."

"संध्याकाळी सांगेन."

"यू टू आर सो स्लो, लाह. स्टे किंवा गो, दोनच ऑप्शन आहेत."

"तुला काय वाटतं?"

"आय डोन्ट नो. तो घरी असला की आय डोन्ट नो व्हॉट टु से टु हिम. पण नसला तरी सेम."

रोझनानीने त्या दिवशी उरलेली मुलं एकटीने सांभाळते म्हटलं. अनघा चारला निघाली. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी ती थांबली नाही. वर कॉरिडॉरमध्ये निशिकांत नव्हता. तो आत जेवणाच्या टेबलाशी बसला होता, समोर लॅपटॉप उघडा.

"सांग," तो म्हणाला.

तिने पर्स ठेवली, पाणी प्यायली, समोर बसली. कोव्हच्या त्या बाकापासून तिच्या मनात एक उत्तर तयार होत होतं. राहा, असं. इथे काय करायचं ते मी दाखवीन, तुम्ही मला विचारत चला, असं. हे उत्तर तिने विमानात दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं होतं. पण जाळीला धरून उभा असलेला निशिकांतही तिने पाहिला होता.

"आधी तुम्ही सांगा. तुम्हाला जायचंय?"

"तिथे काय करायचं ते मला कळतं."

"आणि इथे?"

"इथे तू आहेस."

"म्हणजे?"

"म्हणजे इथलं सगळं तू करून ठेवलंयस. चांगलं केलंयस. मला हात घालायला जागा नाही, गं. मी घातला तर बिघडतं."

"हळदीचं अजून मनात आहे होय?"

"हळदीचं नाही." तो जरा हसला. "हळदीचंही."

तीही हसली. लॅपटॉपचा पडदा काळा झाला, त्याने बोट लावून तो परत जागा केला. अनघाला वाटलं, आता राहा म्हटलं तर हा राहील. तक्रार न करता राहील, आणि कॉरिडॉरमध्ये उभा राहील. पहाटे राउंड, बाराला जेवण. आणि आपण दुकानात फेरी मारू.

"जा," ती म्हणाली. "पण एक. फोनवर गावं सांगू नका मला. दिवसभरात जे केलंत ते सांगा."

"तुला कळणार नाही."

"नाही कळलं तर नाही कळलं."

त्याने दोन ओळींचं ईमेल लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. पाच वाजायला वीस मिनिटं होती. मग तो उठला, फ्रिजच्या मागे हात घालून आला आणि म्हणाला, "ठीक आहे सगळं." ती कपडे घडी करायला लागली.

जहाज तेल भरायला सिंगापूरच्याच नांगरतळावर येणार होतं, म्हणून तो इथूनच चढला. रविवार होता. अनघा आणि तन्वी मरीना साउथ पिअरपर्यंत गेल्या. एका लाँचमध्ये तो, दोन फिलिपिनो पोरं आणि भाजीच्या पेट्या. "सिक्स मंथ्स ओन्ली, बाबा," तन्वी म्हणाली, आणि मग त्याला मिठी मारली, जरा उशिराने, लाँचवाला ओरडायला लागल्यावर. बाहेर पाण्यात इतकी जहाजं उभी होती की त्यातलं त्याचं कोणतं ते दोघींना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याने शब्द पाळला. पहिल्या फोनवर त्याने तिला प्युरिफायर सांगितलं, म्हणजे तेलातलं पाणी आणि गाळ वेगळं काढणारं यंत्र. ते सारखं बंद पडत होतं. तिने प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली, दोघं अर्धा तास बोलली. दुसऱ्या फोनवरही प्युरिफायर होतं. तिसऱ्यावर ते दुरुस्त झालं होतं.

"मग आज काय केलंत?"

"कालचंच."

"आणि काल?"

"राउंड. जेवण. राउंड. तू?"

"सेंटर. दोन मुलं परत पाठवली, हाताला पुरळ होतं."

"बरं."

"बरं."

खरं सांगायला लागल्यावर असं निघालं की सांगण्यासारखं फार नव्हतं. तरी फोन येतात. कधी दोन मिनिटांत संपतात, पण तिला आता त्याच्या आवाजाच्या मागे इंजिन ऐकू येतं आणि ते आज कसं चाललंय, हे तिला थोडं थोडं कळतं. एकदा तिने विचारलं, आज आवाज वेगळा का येतोय? तो थांबला, मग म्हणाला, वेग कमी केलाय, हवा खराब आहे. तेवढंच. ती आठला एकटी जेवते. मसाल्याच्या बरण्या जिथल्या तिथे आहेत. तन्वी महिन्यातून एकदा येते, कपडे धुऊन घेते, जाते. कधी संध्याकाळी अनघा बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये येते, पण तिथे फार वेळ उभं राहण्यासारखं काय आहे, ते तिला अजून समजलेलं नाही.

आज शुक्रवार. उद्या सेंटर सकाळी सातला उघडेल आणि शनिवार असल्यामुळे दुपारी दोनला बंद होईल. दार उघडायची पाळी अनघाची आहे.